मंदीत फ्रीलान्सरने आधी वसुली शिकावी

बाजार मंदावला की फ्रीलान्सरचं काम लगेच थांबत नाही. आधी पैसे लांबतात. तीस दिवसांत येणारं बिल पंचेचाळीसवर जातं, मग साठवर, आणि मग फक्त 'अकाउंट्सला पाठवलंय' एवढंच ऐकू येत राहतं. हातात काम असतं, रात्री जागून ते पूर्णही होतं, पण बँकेत काही जमा होत नाही. म्हणून अनिश्चित काळासाठी कोणतं कौशल्य शिकावं असं कुणी विचारलं, की मी नवं सॉफ्टवेअर किंवा नवा कोर्स सांगत नाही. काम सुरू केल्याचा दिवस आणि पैसे खात्यात पडल्याचा दिवस यांतलं अंतर कमी करणं, हे पहिलं कौशल्य. बाकीची बरीच कौशल्यं त्यातूनच निघतात.

आधी हे अंतर मोजा. मागची दहा-बारा बिलं काढा आणि प्रत्येकासमोर तीन तारखा लिहा: काम सुरू केलं ती, बिल पाठवलं ती, पैसे आले ती. पहिल्या आणि शेवटच्या तारखेतल्या दिवसांची सरासरी काढा. समजा ती ७५ दिवस आली आणि घरखर्च महिन्याला ६०,००० आहे. म्हणजे साधारण दीड लाख रुपयांचं घर तुम्ही कायम स्वतःच्या शिलकीतून चालवताय, आणि तेवढं बिनव्याजी भांडवल क्लायंटला देताय. हा आकडा ७५वरून ४५वर आणला, तर एकही नवं काम न मिळवता ६०,००० रुपये मोकळे होतात. बहुतेकांना आपला वार्षिक आकडा माहीत असतो, हा माहीत नसतो.

प्रत्यक्ष कामाचे दिवस सोडले, तर या ७५ दिवसांत तीन तुकडे असतात. पहिला, काम संपलं पण बिल गेलं नाही. दुसरा, बिल गेलं पण कंपनीत नोंदलं गेलं नाही. तिसरा, नोंदलं गेलं पण पैसे सुटले नाहीत. पहिला तुकडा पूर्णपणे आपल्या हातातला आहे आणि तिथेच सगळ्यांत जास्त दिवस वाया जातात. महिनाअखेरीस सगळी बिलं एकदम करायची सवय मोडा. काम दिलं त्याच दिवशी बिल गेलं पाहिजे.

दुसऱ्या तुकड्याची कारणं क्षुल्लक वाटतात, पण बिल अडकतं ते यांमुळेच. कंपनीचं कायदेशीर नाव एक आणि ब्रँडचं नाव दुसरं असतं, बिलावर ब्रँडचं नाव गेलं की ते परत येतं. पीओ नंबर, म्हणजे कंपनीच्या खरेदी आदेशाचा क्रमांक, नसतो. व्हेंडर म्हणून नोंदणीच झालेली नसते, आणि हे चाळीस दिवसांनी कळतं. कॅन्सल्ड चेक, पॅन आणि उद्यम प्रमाणपत्र (छोट्या उद्योगाच्या सरकारी नोंदणीचं) मागवलेलं असतं, पण तो मेल ज्या मॅनेजरला आला त्याने पुढे पाठवलेलाच नसतो. शिवाय बऱ्याच कंपन्या महिन्यातल्या ठरावीक तारखांनाच पैसे सोडतात. ती तारीख एका दिवसाने हुकली, की पुढचे पंधरा दिवस किंवा अख्खा महिना गेला. म्हणून काम घेतानाच तीन प्रश्न विचारा: बिल कोणाच्या नावे, पीओ कधी मिळेल आणि पेमेंटच्या तारखा कोणत्या. चौथी गोष्ट न विचारता मिळवायची. ज्या माणसाने काम दिलं त्याच्याशिवाय, अकाउंट्समध्ये प्रत्यक्ष बिल चढवणाऱ्याचं नाव आणि फोन नंबर. मंदीत काम देणारा माणूस नोकरी सोडून जाऊ शकतो. अकाउंट्समधला माणूस सहसा जागेवर असतो.

बिल पाठवल्यावर तिसऱ्या दिवशी ते पोचल्याची खात्री करा. मुदत संपण्याच्या दोन-तीन दिवस आधी एक निरोप जाऊ द्या. तो मागणीसारखा नको, विचारपूस वाटावी असा हवा:

'नमस्कार मॅडम, १२ तारखेला पाठवलेल्या बिल क्र. ०१७ ची मुदत येत्या २७ला पूर्ण होतेय. २५ तारखेच्या पेमेंटमध्ये हे बिल घेतलं आहे ना, एवढं कळवाल का? एखादा कागद कमी असेल तर आजच पाठवतो.'

यात संकोचण्यासारखं काही नाही. आपल्याकडे पैशाची आठवण करणं म्हणजे संबंध बिघडवणं, असं मनात खोल बसलेलं असतं, आणि त्याची किंमत फ्रीलान्सरचं घर मोजतं. मुदतीनंतर सात दिवसांनी फोन करा, पंधराव्या दिवशी पुढचं काम थांबवल्याचा लेखी निरोप द्या. काम थांबवायचं ते चिडून नाही. 'आधीचं बिल जमा झालं की त्याच दिवशी पुढचा टप्पा सुरू करतो' एवढं वाक्य पुरतं. थकबाकी असलेल्या क्लायंटचं नवं काम घेणं ही मंदीतली सगळ्यांत महाग चूक आहे, कारण त्यामुळे जुनी उधारी आणि नवी उधारी एकाच माणसावर साचते.

आता कायदा. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांसाठीचा एमएसएमईडी कायदा, २००६ छोट्या पुरवठादाराला जे देतो, ते फार थोडे फ्रीलान्सर वापरतात. उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि मोफत होते, आधार आणि पॅन लागतो, सेवा देणारी एकटी व्यक्तीही ती करू शकते. पैसे घेऊन नोंदणी करून देणाऱ्या वेबसाइटींच्या नादी लागू नका. नोंदणी असेल तर लेखी करारातही पेमेंटची मुदत ४५ दिवसांपलीकडे चालत नाही, आणि लेखी करार नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज लागतं. बँक रेट साडेपाच टक्के धरला तर हे साडेसोळा टक्के होतात. करारात ९० दिवस लिहून सही घेतली असली तरी कायदा ४५च धरतो. फक्त नोंदणी काम घेण्याच्या आधीची हवी. वाद झाल्यावर केलेली नोंदणी मागच्या बिलांना उपयोगी पडेल असं धरून चालू नका.

याहून परिणामकारक हत्यार आयकराचं आहे. सीए मंडळी त्याला अजून ४३बी(एच) म्हणतात. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा आल्यामुळे कलमांचे क्रमांक बदलले, पण बोलण्यात जुनेच चालतात. तरतूद अशी: सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचं बिल या ४५ किंवा १५ दिवसांच्या मुदतीत दिलं नाही आणि ३१ मार्चलाही ते थकलेलं असलं, तर कंपनीला त्या वर्षी तो खर्च वजा मिळत नाही, त्यावर कर भरावा लागतो. पैसे प्रत्यक्ष दिले त्या वर्षी वजावट मिळते. त्यामुळे कंपनीच्या अकाउंट्स विभागाला मार्चमध्ये उद्यम नोंदणी असलेल्या पुरवठादारांची यादी काढावीच लागते. तुमचं नाव त्या यादीत असलं पाहिजे. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात थकबाकीचा तक्ता आणि सोबत उद्यम प्रमाणपत्र मेल करा. प्रत्येक बिलावर उद्यम क्रमांक छापा. तारखांचं गणितही लक्षात ठेवा: ४५ दिवसांचा करार असेल तर साधारण १४ फेब्रुवारीनंतरच्या बिलाची मुदत मार्चअखेरच्या पलीकडे जाते, म्हणजे त्यावर हा दबाव चालत नाही. मार्चमध्ये बिलं पाठवून 'वर्षअखेर आहे, सोडा' म्हणण्यापेक्षा जानेवारीतच बिल गेलेलं बरं.

तरीही पैसे आले नाहीत तर एमएसएमई मंत्रालयाच्या ऑनलाइन पोर्टलवर तक्रार करता येते. ती राज्याच्या सुविधा परिषदेकडे जाते; आधी तडजोडीचा प्रयत्न, मग लवाद. कायद्यात ९० दिवसांची मर्यादा लिहिली आहे, प्रत्यक्षात त्याहून जास्त वेळ लागू शकतो, हे धरून चाला. पण निकाल तुमच्या बाजूने लागल्यावर कंपनीला त्याविरुद्ध न्यायालयात जायचं असेल तर ७५ टक्के रक्कम आधी भरावी लागते, त्यामुळे तक्रार दाखल होण्याआधीच पुष्कळ बिलं सुटतात. पैशाच्या वसुलीची दिवाणी मुदत तीन वर्षांची असते, तीही डोक्यात ठेवा. परदेशी क्लायंटला यातलं काही व्यवहारात लागू पडत नाही. तिथे आगाऊ रक्कम जास्त घेणं किंवा पैसे आधी अडकवून ठेवणाऱ्या प्लॅटफॉर्मवरून काम करणं, एवढंच संरक्षण आहे.

कोर्ट-कचेरीपेक्षा स्वस्त गोष्ट म्हणजे नीट लिहिलेलं कोटेशन. दहा पानी करार छोटा क्लायंट वाचत नाही. एका पानाचं कोटेशन आणि त्यावर 'मान्य' असा उलट मेल, एवढ्यावरही काम भागतं. त्यात काय द्यायचं आहे ते मोजता येईल अशा शब्दांत असावं. 'सोशल मीडियाचं काम' असं न लिहिता 'महिन्याला १२ पोस्ट, ४ रील, प्रत्येक रील ३० सेकंदांपर्यंत' असं लिहा. दुरुस्त्यांच्या फेऱ्या दोन. फेरी म्हणजे सगळ्यांचे अभिप्राय एकत्र करून आलेला एक मेल. ही व्याख्या लिहिली नाही, तर मार्केटिंगचे तीन आणि मालकांच्या घरचे दोन लोक व्हॉट्सॲपवर वेगवेगळं सांगत राहतात आणि त्या सगळ्याची मिळून एकच फेरी धरली जाते. सात दिवसांत उत्तर आलं नाही तर काम मंजूर धरलं जाईल. आणि मंदीत सगळ्यांत उपयोगी पडणारी ओळ: क्लायंटच्या बाजूने काम १५ दिवसांहून जास्त थांबलं, तर तोवर झालेल्या कामाचं बिल होईल. मंदीत कामं रद्द कमी होतात, लोंबकळत जास्त राहतात. रद्द झालेल्या कामाची निदान नुकसानभरपाई मागता येते, लोंबकळणाऱ्याची ही ओळ नसेल तर काहीच मागता येत नाही.

टप्पे ४०-४०-२० ठेवा. चाळीस टक्के सुरू करण्याआधी, चाळीस पहिला पूर्ण मसुदा दिल्यावर, वीस मूळ फाइल देण्याआधी. पन्नास-पन्नासमध्ये अडचण ही, की शेवटचा हप्ता मोठा असतो आणि तो दाबून ठेवण्यात क्लायंटचा फायदा असतो. वीस टक्क्यांसाठी कुणी मूळ फाइल सोडत नाही.

हक्कांबद्दल एक ओळ हवीच. भारताच्या कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार लेखक किंवा चित्रकार हा साधारणपणे पहिला मालक असतो आणि हक्क देणं लेखी, सही केलेलं लागतं. मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत, असं धरलं जातं. पण मोबदला घेऊन दुसऱ्याच्या सांगण्यावरून काढलेला फोटो, व्यक्तिचित्र किंवा केलेली फिल्म असेल, तर उलट करार नसताना पहिला मालक काम सांगणारा असतो. छायाचित्रकार आणि व्हिडिओवाल्यांनी हे विशेष पाहावं. 'पूर्ण रक्कम जमा झाल्यावरच हक्क हस्तांतरित होतील' हे वाक्य कोटेशनमध्ये असलं, तर बिल न देता काम वापरणाऱ्याला अडवायला जागा राहते.

करांकडे वळण्याआधी एक गोष्ट सांगतो, कारण तीच मंदीत गळ्याशी येते. बाजूला न काढलेला कर हे फ्रीलान्सरचं सगळ्यांत मोठं कर्ज असतं. खाती तीन ठेवा. पहिल्यात फक्त क्लायंटचे पैसे येतील. त्यातून पैसे आले त्याच दिवशी जीएसटी असेल तर तो पूर्ण, आणि उरलेल्या रकमेचे दहा ते वीस टक्के, तुमच्या उत्पन्नाच्या पट्टीप्रमाणे, दुसऱ्या खात्यात जातील. त्याला एटीएम कार्डही घेऊ नका. तिसरं घराचं, त्यात दर १ तारखेला ठरलेला 'पगार' जाईल. चांगल्या महिन्यातही तेवढाच, वाईट महिन्यातही तेवढाच.

जीएसटीत सेवांसाठी नोंदणीची मर्यादा वार्षिक २० लाखांची आहे, आणि त्यात परदेशी क्लायंटची बिलंही मोजली जातात. 'माझं सगळं काम अमेरिकेचं, मला जीएसटी नाही' म्हणणारे इथेच चुकतात. निर्यातीवर कर शून्य असला तरी उलाढाल मोजली जाते, नोंदणी लागते, आणि कर न भरता बिल करायचं तर एलयूटी हे हमीपत्र दर आर्थिक वर्षी नव्याने भरावं लागतं. देशातल्या बिलांचा सापळा वेगळा. एक लाखाचं बिल केलं की १८,००० जीएसटी पुढच्या महिन्यात तुम्ही भरायचा, क्लायंटने पैसे दिले असोत वा नसोत. उधारीवर काम करणाऱ्याला हा दुहेरी मार. त्यावरचा मार्ग असा, की आधी प्रोफॉर्मा, म्हणजे कच्चं बिल, पाठवून आगाऊ रक्कम मागायची, आणि टॅक्स इन्व्हॉइस टप्पा पूर्ण झाल्यावर, कायद्याच्या ३० दिवसांच्या आत काढायचं. टप्पे छोटे असले की कर्जासारखा भरावा लागणारा करही छोटा राहतो.

टीडीएसचंही असंच. व्यावसायिक फीवर कंपनी १० टक्के कापते. ४४एडीए, म्हणजे अंदाजित उत्पन्नाच्या तरतुदीखाली (क्रमांक जुन्या कायद्यातला) बसणाऱ्या व्यवसायाला निम्मी जमा उत्पन्न म्हणून दाखवता येते. वर्षाची जमा २४ लाख असेल तर उत्पन्न १२ लाख, आणि नव्या करपद्धतीत, दुसरं काही उत्पन्न नसेल तर, कर शून्य. पण २४ लाखांवर कापलेले २ लाख ४० हजार परतावा येईपर्यंत सरकारकडे अडकतात. चार महिन्यांचा घरखर्च. कर खूप कमी बसणार हे आधीच दिसत असेल तर कमी दराने टीडीएस कापण्याचं प्रमाणपत्र आयकर विभागाकडे मागता येतं. एप्रिलमध्येच अर्ज करा. रिटर्न जुलैच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत ठेवू नका. ४४एडीएची यादी मर्यादित आहे, हेही बघा: अभियांत्रिकी, वास्तुशास्त्र, अंतर्गत सजावट, माहिती तंत्रज्ञान, आणि 'फिल्म आर्टिस्ट'मध्ये संकलक, छायालेखक, संवादलेखक, वेशभूषाकार असे बरेच जण येतात. अनुवादक किंवा ग्राफिक डिझायनर नावाने त्यात नाहीत. त्यांनी सीएंशी बोलून ठरवावं. या पद्धतीत आगाऊ कर एकदाच, १५ मार्चपर्यंत. इतरांना जून, सप्टेंबर, डिसेंबर आणि मार्चच्या १५ तारखा. महाराष्ट्रातला व्यवसाय कर वर्षाला २,५०० रुपये, तो ३० जूनपर्यंत. रक्कम लहान आहे, विसरली की दंड-व्याजाचं पत्र येतं.

राखीव निधी किती असावा? 'सहा महिन्यांचा खर्च' हे सूत्र नोकरदारांसाठी आहे. फ्रीलान्सरने त्यात सगळ्यांत मोठ्या क्लायंटची सरासरी थकबाकीही मिळवावी, कारण मंदीत काम जाणं आणि उधारी बुडणं एकाच वेळी होतं. ६०,००० घरखर्च आणि मोठ्या क्लायंटकडे सहसा सव्वा लाख बाकी, तर निधी ४ लाख ८५ हजार. तो कुठे ठेवायचा हे आपल्याकडे विशेष महत्त्वाचं. सहकारी बँक किंवा पतसंस्था अर्धा-एक टक्का व्याज जास्त देते म्हणून सगळी पुंजी तिथे ठेवणारे खूप आहेत. सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी बँकेवर निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला खातेदाराला फक्त १,००० रुपये काढता येत होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यू इंडिया सहकारी बँकेतून पैसे काढणंच थांबवलं गेलं. बँकेतल्या ठेवीला व्याजासह पाच लाखांपर्यंत विमा आहे, पण ते पैसे हातात यायला ९० दिवसांपर्यंत लागू शकतात. पतसंस्थेतल्या ठेवीला तो विमा नाहीच. म्हणून निधी दोन वेगळ्या बँकांत ठेवा. दोन महिन्यांचा खर्च बचत खात्यात, बाकी मोडता येणाऱ्या छोट्या-छोट्या एफडींमध्ये. पाच लाखांची एक एफडी करण्याऐवजी पन्नास हजारांच्या दहा केल्या, तर गरजेपुरतीच मोडता येते आणि दंडाचं व्याज तेवढ्यावरच जातं. थोडा भाग लिक्विड फंडात (अल्पमुदतीच्या रोख्यांत पैसे ठेवणाऱ्या म्युच्युअल फंडात) चालेल, पैसे साधारण पुढच्या कामकाजाच्या दिवशी येतात. शेअर बाजारात मात्र हा निधी नको. बाजार पडतो त्याच महिन्यात क्लायंटही बजेट कापतो.

आरोग्य विमा या निधीच्या आधी. नोकरीतल्या समूह विम्यावर वाढलेल्या माणसाला हे उशिरा सुचतं. वैयक्तिक पॉलिसीवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झाला आहे. आधीपासून असलेल्या आजारांसाठी प्रतीक्षाकाळ तीन वर्षांपर्यंत असू शकतो, म्हणून पॉलिसी उशिरा घेणं किंवा कोरड्या महिन्यात हप्ता चुकवणं दोन्ही महाग पडतं. वार्षिक हप्त्याचा बारावा भाग दरमहा कराच्या खात्यातच टाकत जा.

आता दर. पंचांगाकडे पाहून सुरुवात करा. ३६५ दिवसांतून शनिवार-रविवारचे १०४, सणावारांचे २०, आजारपण आणि सुट्टीचे १५ वजा केले की २२६ उरतात. त्यातले बिल करता येण्यासारखे साठ-बासष्ट टक्के, म्हणजे १४०. बाकीचे कोटेशन, फोन, वसुली, शिकणं यात जातात. खर्चाच्या बाजूला घर ७ लाख २० हजार. लॅपटॉपची घसारा-रक्कम, सॉफ्टवेअर, इंटरनेट, सीए मिळून दीड लाख. विमा ६० हजार. म्हातारपणाची तरतूद दीड लाख. एकूण १० लाख ८० हजार. पाच टक्के बुडीत धरले तर बिलं साधारण ११ लाख ४० हजारांची व्हायला हवीत. भागिले १४०, म्हणजे दिवसाला सुमारे ८,१०० रुपये. तुमचे आकडे वेगळे असतील, पद्धत हीच.

हा आकडा माहीत असला की मंदीत येणारी '२० टक्के कमी करा' ही मागणी स्पष्ट दिसते. ११ लाख ४० हजारांच्या २० टक्के म्हणजे जवळजवळ २ लाख २८ हजार. घरभाडं कमी होत नाही, वीजबिल कमी होत नाही. विमा आणि म्हातारपणाची तरतूद मिळून २ लाख १० हजार आहेत. सूट नेमकी तिथूनच जाते, आणि शिवाय १८,००० कमी पडतात. म्हणून दर तोच ठेवून काम कमी करून द्या. बारा पोस्टच्या नऊ करा, चार रीलच्या तीन. सूट द्यायचीच तर ती आगाऊ पेमेंटच्या बदल्यात द्या: सगळी रक्कम आगाऊ दिल्यास पाच टक्के कमी. ही सूट त्या ७५ दिवसांना कात्री लावते, म्हणून परवडते.

क्लायंट किती आहेत यापेक्षा ते एकमेकांपासून किती वेगळे आहेत हे बघा. एकाच क्लायंटचा वाटा सहा महिन्यांच्या बिलांत ३५ टक्क्यांवर गेला की नवा शोधायला लागायचं, हा नियम बरेच जण पाळतात. पण तीन क्लायंट तिन्ही गुंतवणूकदारांच्या पैशावर चालणारे स्टार्टअप असतील, तर तो एकच क्लायंट समजा. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने बऱ्याचशा भारतीय मालावर ५० टक्के शुल्क लावलं. सोलापूरचे टॉवेल, इचलकरंजीचं कापड आणि एखादा दागिने निर्यातदार अशा तिघांचे कॅटलॉग करणाऱ्या डिझायनरचे तीन क्लायंट त्या दिवशी एकाच दोरीवर होते. शाळा, रुग्णालयं, औषधकंपन्या, सरकारी अनुवाद, स्थानिक सराफ यांची चढउतार वेगवेगळ्या कारणांनी होते. असे दोन तरी हवेत.

ऋतूंचंही भान हवं. महाराष्ट्रातल्या कामाला स्वतःचं वेळापत्रक आहे. दिवाळी अंकांची चित्रं, मुद्रितशोधन, मांडणी जुलै ते सप्टेंबरमध्ये. पैसे पुष्कळदा दिवाळीनंतर. जाहिरातीचं काम गणपती ते दिवाळी, मधल्या पितृपक्षात खरेदीच्या जाहिराती थंड. कंपन्यांचे वार्षिक अहवाल सप्टेंबरअखेरच्या सभांच्या आधी. लग्नाचे फोटो तुळशीच्या लग्नानंतर, चातुर्मासात जवळपास काही नाही. आपल्या मागच्या दोन वर्षांच्या जमा रकमा महिन्यावार मांडल्या की आपले दोन-तीन कोरडे महिने दिसतात. ते दरवर्षी येतात, त्यांना मंदी समजून घाबरून दर पाडू नका. त्या महिन्यांच्या दोन महिने आधी जुन्या क्लायंटना फोन करा. नवा क्लायंट मिळवायला जेवढे दिवस लागतात त्यापेक्षा कितीतरी कमी दिवसांत जुना परत काम देतो; बहुतेकदा कुणी त्याला विचारलेलंच नसतं.

नवी कौशल्यं आता घेतो, कारण एआयमुळे घाबरलेले खूप लोक आहेत आणि त्यांची भीती खरी आहे. अनुवादाचं उदाहरण घ्या. एजन्सी यंत्राने केलेला मराठी मजकूर पाठवते आणि निम्म्या दराने तपासून मागते. होय किंवा नाही म्हणण्याआधी ५०० शब्दांचा नमुना घड्याळ लावून करा. समजा मुळातून अनुवाद दिवसाला २,००० शब्द होतो आणि दर ४ रुपये, म्हणजे दिवसाचे ८,०००. निम्म्या दराने तेवढेच मिळवायला दिवसाला ४,००० शब्द तपासून झाले पाहिजेत. यंत्राच्या मराठीत सामान्यरूपं चुकतात, लिंग बदलतं, एकाच परिच्छेदात 'आपण' आणि 'तुम्ही' दोन्ही येतात, हिंदी वळणाची वाक्यं येतात. कायदा किंवा औषधांचा मजकूर असेल तर संज्ञा प्रत्येक पानावर वेगळी असते. नमुन्यावरून वेग २,८०० निघाला तर निम्मा दर म्हणजे दिवसाचे ५,६००, आणि ते काम तासावर मागायला हवं. नमुन्याचे आकडे समोर ठेवले की एजन्सीचा समन्वयकही बऱ्याचदा तासाचा दर मान्य करतो, कारण त्यालाही वरिष्ठांना दाखवायला काहीतरी लागतं.

कुठे सरकायचं हे ठरवताना एक कसोटी उपयोगी पडते: चूक झाली तर कुणाचं नुकसान होतं आणि सही कुणाची असते? उत्पादनाचं वर्णन चुकलं तर फारसं काही होत नाही, तिथे यंत्र चालून जातं. औषधाच्या चाचणीचं संमतीपत्र, विम्याच्या अटी, न्यायालयात जाणारा कागद, छपाईला जाणाऱ्या पॅकेजिंगची अंतिम फाइल, इथे कुणीतरी जबाबदार माणूस लागतो. अशा कामाकडे नेणारं जोडकौशल्य शिका. डिझायनर असाल तर छपाईपूर्व तपासणी, लेखक असाल तर विषयातली संज्ञावली आणि मुद्रितशोधन, व्हिडिओ संकलक असाल तर ध्वनी आणि उपशीर्षकं. तीन महिने, आठवड्याला सहा तास, आणि शेवटी दाखवता येईल असा एक नमुना. प्रमाणपत्रांपेक्षा तो नमुना जास्त काम आणतो.

राहिली आजारपणाची गोष्ट. एकट्याच्या धंद्यात मनगट दुखावलं किंवा डेंग्यू झाला की सगळंच थांबतं, आणि वेळेत न दिलेलं काम क्लायंट कायमचं दुसरीकडे नेतो. यासाठी आपल्याच कामातल्या एका विश्वासू व्यक्तीशी बदलीचा लेखी करार करून ठेवा. आपण अडलो तर ती व्यक्ती काम पूर्ण करेल. बिल आपल्याच नावाने जाईल. तिला बिलाच्या सत्तर टक्के, पैसे आले की तीन दिवसांत. त्या क्लायंटशी पुढचं एक वर्ष ती थेट काम घेणार नाही. आणि तिच्या अडचणीत हेच उलट लागू. चालू कामांच्या फाइल एका सामायिक फोल्डरमध्ये, प्रत्येक कामासाठी एक पानाची टीप: क्लायंटचा माणूस, पुढची तारीख, कुठपर्यंत झालंय, किती पैसे बाकी. ही टीप दर शुक्रवारी अद्ययावत करायला वीस मिनिटं लागतात. हीच टीप घरातल्या एकाला दाखवून ठेवा, कारण आपण रुग्णालयात असताना 'कुणाकडून किती येणं आहे' हे त्यालाच सांगावं लागतं.